२४ व्होल्टच्या सोलर इन्व्हर्टरला बॅटरी केबल किती जाडीची घ्यावी? (बॅटऱ्या वर, इन्व्हर्टर खाली)

पंचगंगाकाठ
मंडळी, घर कोल्हापुरात पंचगंगेकाठी रमणमळ्यात, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ते सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टात जिन्याखालच्या दोन्ही बॅटऱ्या बुडाल्या. २०२१ च्या जुलैत पाणी वाढतंय म्हटल्यावर मी आणि शेजारचा पोरगा, दोघांनी रात्री अकराला नव्या बॅटऱ्या उचलून वर नेल्या. एकेक बॅटरी पंचावन्न-साठ किलोची. माझी कंबर अजून त्या रात्रीची आठवण काढते.

आता नवीन सिस्टीम बसवतोय. गच्चीवर एक किलोवॅटचे पॅनेल, २ केव्हीएचा २४ व्होल्टचा सोलर इन्व्हर्टर, १५० एएचच्या (अँपिअर-तास) दोन ट्युब्युलर, म्हणजे शिसं-ॲसिडच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीमागं एक जोडून, १२ अधिक १२ व्होल्ट). या खेपेला बॅटऱ्या कायमच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या वरच्या पायरीपाशी ठेवणार. इन्व्हर्टर मात्र खालीच, कारण मेन बोर्ड तिथं आहे. (बोर्ड छातीच्या वर टांगलाय, २०२१ ला वाचला.)

प्रश्न मधल्या वायरचा. वायरमन म्हणतो १६ ची (चौरस मिलिमीटर) घाला. लक्ष्मीपुरीतला दुकानदार म्हणतो २५ म्हणजे डोळे झाकून. इचलकरंजीचे मेव्हणे म्हणतात ७० च्या खाली जाऊच नका. कुणाचं ऐकू?

कटवडा
तिघांची सरासरी काढा. ३७ येते.

हलगी
३७ ची मिळत नाही, ३५ ची मिळते. घ्या, सुटला प्रश्न. धागा बंद करा.

निवृत्त_वायरमन
हसण्यावारी नेऊ नका रे. पंचगंगाकाठ, दोन गोष्टी सांगा. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत वायर ज्या वाटेनं जाणार त्या वाटेवर टेप लावून किती मीटर? आणि एका वेळी जास्तीत जास्त काय काय चालवणार? हे दोन आकडे नसताना जो जाडी सांगतो तो अंदाजपंचे सांगतोय, मग तो माझ्या धंद्यातला का असेना.

पंचगंगाकाठ
काका, टेप लावला. भिंतीच्या कडेनं, जिन्याच्या वळणावरून ७ मीटर. लोड म्हणाल तर फ्रीज, पाच पंखे, दिवे, टीव्ही, सकाळी मिक्सर. पाण्याची मोटर यावर नाही.

शेंडापार्क
उगाच बाऊ करताय. आमच्याकडं १६ चीच आहे, सहा वर्षं झाली, हात लावला तर गारगार.

मास्तरीणबाई
शेंडापार्क, तुमच्या बॅटरीत आणि इन्व्हर्टरमध्ये अंतर किती?

शेंडापार्क
इन्व्हर्टर बॅटरीच्या ट्रॉलीवरच आहे. दीड फूट असेल.

मास्तरीणबाई
मग बरोबर आहे, गारच राहणार. आता यांच्या घरचं गणित मांडते. अकरावीच्या पोरांना हेच शिकवते, इथं निदान कोणी मागच्या बाकावर झोपत नाही.

२ केव्हीए म्हणजे साधारण १६०० वॅट. लोक १६०० भागिले २४ करतात, ६७ अँपिअर म्हणतात आणि तिथंच फसतात. इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो, ८५ टक्के कार्यक्षमता धरा. आणि बॅटरी उतरत आली की लोडखाली २२ व्होल्टवर येते. व्होल्टेज उतरलं की तेवढ्याच वॅटसाठी करंट चढतो. १६०० भागिले (२२ गुणिले ०.८५), म्हणजे ८५ अँपिअर. घरच्या २३० व्होल्टच्या वायरिंगमध्ये असला आकडा तुम्ही कधी बघितलेला नसतो, म्हणून डोळ्याला अंदाज येत नाही.

दुसरी चूक लांबीची. ७ मीटर जायचे, ७ मीटर यायचे. हिशोब १४ मीटरचा. लवचीक तांब्याच्या वायरचा रोध १६ चौरस मिलिमीटरला किलोमीटरमागे १.२१ ओहम, २५ ला ०.७८, ३५ ला ०.५५, ७० ला ०.२७. आता ८५ अँपिअरला:

१६ ची घातली तर वाटेत १.४ व्होल्ट गळतात आणि १२० वॅट नुसते वायर तापवण्यात जातात. दीड पंख्याची वीज भिंतीला दिली म्हणा. २५ ला ०.९ व्होल्ट. ३५ ला ०.६६ व्होल्ट आणि ५६ वॅट. ७० ला ०.३२ व्होल्ट आणि २७ वॅट.

१.४ व्होल्ट ऐकायला काहीच वाटत नाही. पण इन्व्हर्टर आपल्या टोकाशी मोजतो. त्याचा कट-ऑफ २१ ला असेल तर बॅटरीत २२.४ असतानाच तो बोंबलून बंद पडणार. सकाळी मिक्सर लावला की इन्व्हर्टर टीं टीं करतो, आणि बॅटरीवाला येऊन तपासतो तर बॅटरी ठणठणीत, ही तक्रार निम्म्या वेळा वायरची किंवा जोडाची असते.

कटवडा
म्हणजे मेव्हणे जिंकले. बायकोला कसं सांगणार?

पंचगंगाकाठ
तोच खरा प्रॉब्लेम आहे.

जयसिंगपूरकर
माझा अनुभव. दुकानदारानं पॅनेलची सोलर केबलच बॅटरीला लावायला दिली, ६ स्क्वेअर एमएमची. म्हणाला, "१५०० व्होल्टची हाय, २४ व्होल्टला काय होतंय?" मलाही पटलं! पंख्यावर काही झालं नाही. इस्त्री लावली तशी दहा मिनिटांत वायर शेवयांसारखी मऊ पडली आणि घरभर वास.

निवृत्त_वायरमन
जयसिंगपूरकर, वाचलात. व्होल्ट हे वरच्या कातडीचं माप, अँपिअर आतल्या मांसाचं. पॅनेलकडून दहा-बारा अँपिअर येतात, तिथं ४ नाहीतर ६ ची सोलर केबल बरोबर, आणि ती उन्हात टिकते म्हणून तिथंच शोभते. बॅटरीकडं ती लावणं म्हणजे उसाच्या ट्रॉलीला सायकलचं चाक.

हलगी
आमच्या गल्लीत एकाकडं झालंय हे. बॅटरीचा नट ढिला, वर मिक्सर आणि इस्त्री एकदम. जाळ अन् धूर संगटच! शिशाचं टर्मिनल वितळून पितळी नट त्यात रुतून बसला होता. वायर मात्र जाडजूड, चांगली होती बरं का.

उद्यमनगरचा_पाना
हलगीनं नेमकं बोट ठेवलं. इथं सगळे वायरच्या जाडीवर भांडतायत आणि लग्सवर (वायरच्या टोकाला दाबून बसवायची, बोल्टासाठी भोक असलेली धातूची टोपी) कोणी बोलत नाही. जळतं ते टोकाला, मधे नाही.

माझं वर्कशॉप उद्यमनगरात. मागच्या वर्षी एकजण वेल्डिंग करून घ्यायला आला होता, बोलता बोलता म्हणाला इन्व्हर्टरची वायर टोकाशी तापते. म्हटलं काढून आणा. २५ ची वायर होती आणि लग १६ चा. वायरमननं काय केलं, तर वायर लगमध्ये जाईना म्हणून बाहेरच्या तारा ब्लेडनं छाटल्या, उरलेल्या आत खुपसल्या आणि वरून हातोडा मारून चपटा केला. वर काळी टेप, एकदम नीट गुंडाळलेली. टेप बघून कोणाला वाटणार नाही आत काय आहे ते.

तो लग मी हॅक्सॉनं मधोमध कापला. आत मोहळ! तारांच्या मधे मधे भोकं, निम्म्या तारा एकमेकींना शिवतही नव्हत्या. मग नवीन २५ चा टिन केलेला (कथिलाचा मुलामा दिलेला) तांब्याचा लग घेतला, हायड्रॉलिक क्रिम्पिंग मशीनवर षटकोनी डायनं दाबला आणि त्याच्यासमोर तोही कापून दाखवला. एकसंध तांबं, पैशासारखं. तार कुठली आणि लग कुठला कळत नव्हतं. मग तिसरा लग दाबून दिला, तो घरी लावला. (दोन लग कापण्यात गेले, त्याचे पैसे घेतले नाहीत. चहा त्यानं पाजला.)

तर वायर कुठलीही घ्या, लग तिच्याच मापाचा, भोक टर्मिनलच्या बोल्टाएवढं, आणि दाबायचं मशीनवर. हातोडा नको, पक्कड नको. नुसतं सोल्डरवर भरवसा नको, जोड तापला की सोल्डर मऊ पडतं. दाबून झालं की दोन्ही हातांनी जोर लावून ओढून बघा. वरून हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी). आपल्या गावात क्रिम्पिंग मशीनवाल्यांचा काय तोटा आहे?

कोथरूडकर
लिथियम घ्या, हा सगळा व्यापच नको.

मास्तरीणबाई
कोथरूडकर, लिथियम घेतली तरी १६०० वॅटला तेवढेच अँपिअर लागतात हो. वायर तीच.

कोथरूडकर
उचलायला तरी हलकी.

पंचगंगाकाठ
यावर माझी कंबर +१.

गगनबावड्याचा_पाऊस
वेल्डिंग केबल चालेल का? आमच्याकडं शेडमध्ये पडून आहे एक गुंडाळी.

उद्यमनगरचा_पाना
तांब्याची असेल तर चालते, मी स्वतः वापरतो. बारीक तारांची असते, कोपऱ्यात छान वळते. पण बाजारात ॲल्युमिनियमचीही वेल्डिंग केबल मिळते आणि वरून दोन्ही काळ्याच. शिवाय तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम वेगळंच. त्याचा रोध तांब्याच्या दीडपट, म्हणजे ३५ सांगून घेतलेली कामाला २२-२३ ची. एक तार ब्लेडनं खरवडा. बाहेर लाल आणि आत पांढरी निघाली तर परत करा. बाहेर पांढरी आणि आत लाल निघाली तर घाबरू नका, ती टिन केलेली तांब्याची, चांगली असते. आणि गुंडाळी हातात घेऊन बघा. तांबं ॲल्युमिनियमच्या तिप्पट जड, हात खोटं बोलत नाही.

गगनबावड्याचा_पाऊस
खरवडली. आत पांढरी. शेडमध्ये परत ठेवली.

शेंडापार्क
बॅटरी ते बॅटरी जो छोटा तुकडा असतो तो पातळ चालतो ना? वीतभरच असतो.

मास्तरीणबाई
नाही हो. सिरीजमध्ये तोच करंट त्या तुकड्यातून जातो. पाइपाचा मधला वीतभर भाग अरुंद केला तर काय होईल? तोही त्याच जाडीचा, तसेच दाबलेले लग.

निवृत्त_वायरमन
गेले दोन दिवस लग्नाला कागलला होतो, म्हणून उशीर. सगळं वाचलं. बाईंचं गणित चोख, पान्यांचा लग सोळा आणे. पण मंडळी, आपण चुकीचा प्रश्न सोडवतोय.

पंचगंगाकाठ, बॅटऱ्या वर नेताय ते बरोबर. मग इन्व्हर्टर खाली कशाला ठेवताय? मेन बोर्ड खाली आहे म्हणून? अहो, बोर्डाशी जोडायला लागतात २३० व्होल्टच्या वायरी. १६०० वॅटला तिथं सात-आठ अँपिअर. साधी २.५ ची तांब्याची वायर १४ मीटर फिरवून आणली तरी पुरता एक व्होल्ट पडत नाही, तोही २३० मधला. बाईंना विचारा.

म्हणून इन्व्हर्टर बॅटऱ्यांच्या शेजारी भिंतीवर टांगा. बरोबर वर नको, बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वर जातो, आणि ॲसिडची वाफ इन्व्हर्टरच्या पंख्यानं आत ओढली की पत्रा सडतो. बाजूला, हातभर अंतरावर. बॅटरीची वायर जेमतेम सव्वा मीटर लागेल. खालच्या बोर्डातून एक इनपुट वर, एक आउटपुट खाली, दोन्हीला अर्थ. शिवाय पॅनेल गच्चीवर आहेत, त्यांची केबल एक मजला कमी. आणि पूर आला तर इन्व्हर्टर खाली उरतच नाही. बॅटऱ्या वाचवून इन्व्हर्टर बुडवायचा, हा कुठला हिशोब?

मास्तरीणबाई
काका, दंडवत. मी पोरांना सांगते की उत्तराच्या आधी प्रश्न तपासा, आणि स्वतः दिलेलं गणित सोडवत बसले. सव्वा मीटरला ३५ ची घातली तर जाऊन-येऊन अडीच मीटर, ०.१२ व्होल्ट, दहा वॅट. ७ मीटरच्या ७० च्या वायरीपेक्षा हे कितीतरी सरस.

कटवडा
म्हणजे ३५. माझी सरासरी. कोणी तरी मान्य करा.

पंचगंगाकाठ
काका, हे कसं सुचलं नाही! अडचण एकच, आईची. वरच्या पायरीपाशी तिच्या लोणच्याच्या बरण्या असतात. बॅटऱ्यांना कशीबशी कबूल झालीये, आता त्यात इन्व्हर्टरचा घरघर आवाज.

निवृत्त_वायरमन
बरण्या हलवा. ॲसिडाशेजारी लोणचं नको. आईंना माझं नाव सांगा, ऐकतील.

हलगी
आणि हलवताना एखादी बरणी उद्यमनगरला पाठवा, क्रिम्पिंगची मजुरी म्हणून.

कोथरूडकर
बेसिक प्रश्न. ऑन-ग्रिड घ्या ना, पॅनेलची वीज सरळ महावितरणच्या लाइनला जोडायची, बॅटरीच नको. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे.

गगनबावड्याचा_पाऊस
महावितरणची लाइन गेली की साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. होतो म्हणजे व्हायलाच लागतो, नाहीतर खांबावर चढलेल्या माणसाला आपल्या गच्चीवरून शॉक बसेल. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ च्या वर गेलं होतं. तेव्हा लाइन किती दिवस नव्हती ते इथल्या लोकांना विचारा. बिल वाचवायचं असेल तर ऑन-ग्रिड, पुरात फोन चार्ज करायचा असेल तर बॅटरी.

त्यावरून आठवलं. पंचगंगाकाठ, इन्व्हर्टर वर गेल्यावर खालच्या मजल्याची इन्व्हर्टर लाइन वेगळ्या एमसीबीवर घ्या आणि तो एमसीबी वर बसवा, म्हणजे पाणी शिरलं की वरूनच बंद करता येईल. आउटपुटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (करंट गळू लागला की लाइन तोडणारा). लाइन गेली म्हणजे पाण्यात करंट नाही असं समजून लोक खाली उतरतात आणि वर इन्व्हर्टर चालूच असतो. खालचे प्लग पाण्यात, त्यात २३० व्होल्ट. हे वायरच्या जाडीपेक्षा महत्त्वाचं.

पंचगंगाकाठ
अंगावर काटा आला. २०१९ ला मी नेमका तसाच उतरलो होतो, आईचं औषध आणायला. तेव्हा बॅटऱ्याच बुडालेल्या म्हणून...

निवृत्त_वायरमन
पावसाचं म्हणणं पाटीवर लिहून ठेवा.

आता राहिला फ्यूज. बॅटरीच्या पॉझिटिव्हला, टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत. तिथं का, तर वायर कुठंही घासून शॉर्ट झाली तरी फ्यूज तिच्या आधी असला पाहिजे. शॉर्ट झालेली ट्युब्युलर बॅटरी हजार-हजार अँपिअर ओकते, इन्व्हर्टरचं आतलं प्रोटेक्शन तिथवर पोचत नाही. तुमच्या ८५ ला सव्वापट म्हणजे १०६, तर १२५ चा डीसी फ्यूज. ३५ ची वायर त्याच्या पुढं आहे, म्हणून आधी फ्यूज जातो, वायर नाही. १६ च्या वायरीला हाच १२५ चा फ्यूज घातला असता तर उलटं झालं असतं.

शेंडापार्क
माझ्याकडं साधा घरचा एमसीबी लावलाय बॅटरीला. ट्रिप झालाय एकदा, म्हणजे चालतोय.

मास्तरीणबाई
एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी ओढली जाते, आणि त्यासाठी बनवलेला नसेल तर एमसीबी आतून जळतो. एकदा ट्रिप झाला हे तुमचं नशीब. बदला.

शेंडापार्क
बरं बाई. अंतर कमी म्हणून एका गोष्टीत तरी मी बरोबर होतो ना?

मास्तरीणबाई
होता. तेवढे मार्क दिले.

पंचगंगाकाठ
(तीन आठवड्यांनी)
काम झालं. ३५ ची तांब्याची लवचीक केबल, लाल दीड मीटर, काळी दीड मीटर, मधला तुकडा वेगळा. एवढीच? म्हणून दुकानदाराचा चेहरा पडला, त्यानं १४ मीटरचा हिशोब मनात करून ठेवला असणार. तार त्याच्यासमोर खरवडली, आतून लाल निघाली. लग उद्यमनगरात दाबून घेतले. पान्यांनी ओढून बघितले, मग मी ओढले, मग शेजारच्या टर्नरनंही उगाच ओढले.

जोडताना वायरमनच्या हातातली अंगठी काढायला लावली आणि पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळली. शेवटची वायर टेकवताच फट्‌कन ठिणगी उडाली, मी दोन पायऱ्या खाली!

उद्यमनगरचा_पाना
ती ठिणगी इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरची, पहिल्यांदा भरताना उडतेच. सांगायचं राहिलं, माफी.

पंचगंगाकाठ
मग मिक्सर, इस्त्री, फ्रीज सगळं लावून मल्टिमीटरनं बॅटरीच्या टोकाला मोजलं आणि लगेच इन्व्हर्टरच्या टोकाला. फरक ०.१३. बाईंचा आकडा ०.१२ होता. एका प्रोबचं टोक टर्मिनलच्या शिशावर आणि दुसऱ्याचं लगवर ठेवूनही बघितलं. तीन जोडांवर दोन-तीन मिलिव्होल्ट आणि एकावर एकदम ४०! तो नट वायरमननं हातानंच फिरवून सोडला होता. आवळला, तोही तीनवर आला. मग वरून पेट्रोलियम जेली.

बरण्या आईच्या खोलीत गेल्या. इन्व्हर्टरच्या आवाजाला ती म्हणते, "तुझ्या बाबांच्या घोरण्यापेक्षा बरा."

हलगी
लोणच्याचं काय झालं पण?

उद्यमनगरचा_पाना
पोचलं. लिंबाचं होतं. नाद खुळा.

कुंभारगल्ली_२२
नमस्कार, नवीन सभासद आहे. धागा वाचला नाही पण १६ ची घाला, आमच्याकडं चालते.

कटवडा
मालक, तुमच्या बॅटरीत आणि इन्व्हर्टरमध्ये अंतर किती?